कुत्रा, मांजर आणि डीएक्सएफ

कुठल्याही ब्रँचच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, 'पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय?' उत्तर तोंडपाठ असतं. अ‍ॅनिमल नावाचा बेस क्लास, त्यातून निघालेले डॉग आणि कॅट, दोघांनाही स्पीक नावाचं फंक्शन. एक भुंकतो, दुसरी म्याऊ करते. जर्नलमध्ये प्रोग्राम उतरवला, आउटपुटची प्रिंट चिकटवली, सरांची सही झाली, टर्मवर्क पदरात पडलं. ओरलला एक्स्टर्नलसुद्धा हेच विचारतात आणि आपणही हेच सांगतो. दोघंही खूश.

पण मला सांगा, इंजिनिअर झाल्यावर आपल्यापैकी कितीजणांना कुत्रा भुंकवायचाय?

मी मेकॅनिकलचा. आमच्याकडे तर ओओपी हा विषयच 'कॉम्प्युटरवाल्यांचा, आपला फक्त पास होण्यापुरता' असा समजला जातो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची खरी गरज कुठे पडते हे बघायचं असेल तर कुत्र्या-मांजरांना सोडा आणि आपल्याच ब्रँचची एखादी डेटा फाइल उघडा. आमच्यासाठी ती फाइल म्हणजे डीएक्सएफ.

ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरमध्ये आलं तेव्हापासून ही फाइल आहे. ड्रॉइंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता यावं म्हणून ती बनवली. आज लेझर कटिंगवाला, प्लाझ्मावाला, वॉटरजेटवाला, सगळे 'डीएक्सएफ पाठवा' असंच म्हणतात. आणि गंमत म्हणजे ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. (बायनरी प्रकारही आहे, पण तो क्वचित भेटतो.) उघडल्यावर मात्र पहिल्यांदा काहीच कळत नाही. नुसते आकडे आणि शब्द, एकाखाली एक. पण नियम अगदी सोपा आहे: ओळी जोडीने वाचायच्या. वरची ओळ कोड, खालची ओळ त्याची किंमत. कोड ० आला की नवी वस्तू सुरू, उदाहरणार्थ लाइन किंवा सर्कल. कोड ८ म्हणजे लेयरचं नाव. लाइनमध्ये १०, २०, ३० म्हणजे सुरुवातीच्या बिंदूचे एक्स, वाय, झेड आणि ११, २१, ३१ म्हणजे शेवटच्या बिंदूचे. बस्स.

इथे पहिला मोह होतो तो शोधाशोधीचा. फाइलमध्ये 'लाइन' हा शब्द शोधा, त्याच्या खालचे आकडे उचला, काम झालं! पण ड्रॉइंगमध्ये कुणी 'लाइन' असा टेक्स्ट लिहिला असेल तर? किंवा लेयरचंच नाव 'सर्कल' ठेवलं असेल तर? (ड्राफ्ट्समन लोक लेयरला काय वाट्टेल ती नावं ठेवतात, हे वर्कशॉपमध्ये एक दिवस बसलं तरी कळतं.) तेव्हा शोधायचं नाही, वाचायचं. जोडी, जोडी, जोडी. आणि एक वस्तू संपली हे तेव्हाच कळतं, जेव्हा पुढचा ० दिसतो. म्हणजे वाचणाऱ्याला एक जोडी पुढे डोकावून ती परत जागेवर ठेवता आली पाहिजे. हे काम एका छोट्या क्लासला द्यावं. त्याला भूमितीतलं काही कळायची गरज नाही. तो फक्त जोड्या देईल.

खरी मजा यापुढे आहे. कोड ४० म्हणजे काय? सर्कलमध्ये त्रिज्या. टेक्स्टमध्ये अक्षरांची उंची. एलिप्समध्ये छोट्या अक्षाचं मोठ्या अक्षाशी गुणोत्तर. कोड ५० आर्कमध्ये सुरुवातीचा कोन, तर ब्लॉक बसवणाऱ्या इन्सर्टमध्ये फिरवण्याचा कोन. कोड ४२ पॉलिलाइनमध्ये बल्ज, आणि इन्सर्टमध्ये वाय दिशेचं स्केल. लाइनमध्ये ११ हा शेवटचा बिंदू आहे, तर एलिप्समध्ये तोच ११ मोठ्या अक्षाचं टोक दाखवतो, आणि तेसुद्धा केंद्रापासून मोजलेलं!

म्हणजे आकड्याला स्वतःचा असा अर्थच नाही. तो कुणाच्या घरात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. आता एन्कॅप्सुलेशनची व्याख्या आठवा, 'डेटा आणि फंक्शन एकत्र बांधणे' वगैरे. का बांधायचं, हे मला कुठल्या गाइडमध्ये वाचून कळलं नव्हतं. इथे लगेच कळतं. ४० चा अर्थ फक्त सर्कलला ठाऊक असावा. बाहेरच्या कुणी '४० दे' म्हणू नये, 'तुझी लांबी किती' एवढंच विचारावं.

लांबीच का? कारण लेझर कटिंगचं कोटेशन बऱ्याच ठिकाणी कापाच्या लांबीवर निघतं. किती मीटर काप, पत्रा किती जाड, किती ठिकाणी पिअर्सिंग. मागे आमच्या कॉलेजमधल्या एका ग्रुपने फायनल इयरला हाच प्रोजेक्ट घेतला होता: डीएक्सएफ द्या, कापाची एकूण लांबी घ्या. एका छोट्या जॉबवर्कवाल्याने आपली ड्रॉइंग्ज दिली. प्रोग्राम चालला, आकडे आले, प्रेझेंटेशन झालं, टाळ्याही पडल्या. मग त्या मालकाने मशीनवर दिसणारी लांबी शेजारी ठेवली. काही जॉबमध्ये दोन्ही आकडे तंतोतंत जुळत होते, काहींत प्रोग्रामचा आकडा कमी. आणि नेहमी कमीच, जास्त कधीच नाही.

कारण होतं बल्ज. पॉलिलाइनमध्ये दोन बिंदूंमधली बाजू सरळ असेल तर बल्ज शून्य. वळणदार असेल तर त्या कमानीच्या केंद्रीय कोनाच्या एक चतुर्थांशाचा टॅन्जंट म्हणजे बल्ज. अर्धवर्तुळ असेल तर कोन १८० अंश, त्याचा चतुर्थांश ४५, टॅन ४५ म्हणजे १. कमान घड्याळाच्या दिशेने जात असेल तर बल्ज ऋण. किती सुंदर युक्ती आहे बघा! केंद्र नको, त्रिज्या नको, एका आकड्यात सगळी कमान. पण तो कोड वाचलाच नाही तर कमानीची सरळ दोरी होते आणि प्रोग्राम तक्रारसुद्धा करत नाही.

हिशोब करून बघू. साधा स्लॉट घ्या: ३० मिमीच्या दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना १० मिमी व्यासाची अर्धवर्तुळं. खरी लांबी ६० अधिक ३१.४, म्हणजे ९१.४ मिमी. बल्ज विसरला तर ६० अधिक २०, म्हणजे ८०. फरक ११.४ मिमी. क्षुल्लक वाटतो ना? एका प्लेटवर असे ४८ स्लॉट आणि ऑर्डर २०० प्लेट्सची असेल तर जवळजवळ ११० मीटर काप फुकटात. ज्याचं मार्जिन आधीच दोन पैशांचं, त्याने हे कुणाकडे मागायचं?

आर्कचीही अशीच एक खोड आहे. आर्क नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. सुरुवात ३५० अंशांवर आणि शेवट १० अंशांवर असेल तर वजाबाकी येते उणे ३४०. आपण हुशारी करून उणे चिन्ह काढून टाकलं की २० अंशांची कमान ३४० अंशांची झाली. तिथे ३६० मिळवायचे असतात. शिवाय फाइलमध्ये कोन अंशांत आणि सी प्लस प्लसचं साइन फंक्शन रेडियन मागतं, ते वेगळंच.

तर या सगळ्या खोडी कुठे ठेवायच्या? माझं उत्तर: ज्याची खोड त्याच्या घरात. 'आकार' नावाचा बेस क्लास, त्याला लांबी नावाचं व्हर्च्युअल फंक्शन. लाइन, सर्कल, आर्क, पॉलिलाइन यांनी आपापली लांबी आपापल्या पद्धतीने काढावी. बाहेर एक लूप, सगळ्यांना एकच प्रश्न, उत्तरांची बेरीज. हाच तो पॉलिमॉर्फिझम. फक्त इथे कुणी भुंकत नाही, कोटेशन निघतं.

मात्र इथेच थांबायलाही शिकलं पाहिजे. पोरांना एकदा क्लास लिहायची चटक लागली की प्रत्येक कोडसाठी एक क्लास, प्रत्येक लेयरसाठी एक क्लास, आणि मग सात पिढ्यांचा वंशवृक्ष. सर्कलच्या क्लासमध्ये 'किंमत' नावाचं फंक्शन टाकलेलं मी पाहिलंय! वर्तुळाला रुपये कशाला कळायला हवेत? दर उद्या बदलेल, पत्र्याची जाडी बदलेल. वर्तुळाचा परीघ काही बदलणार नाही. बेंड लाइन कापायची नसते, ती कुठल्या लेयरवर आहे हे गिऱ्हाइकागणिक बदलतं, तेव्हा तेही आकाराच्या बाहेरच राहू द्यावं.

वाचणारा आणि वस्तू वेगळे ठेवण्याचा आणखी एक फायदा जुन्या फाइल आल्यावर कळतो. बरेच कटिंगवाले अजून 'आर-१२ मध्ये सेव्ह करून द्या' म्हणतात. आर-१२ मध्ये आजची सुटसुटीत पॉलिलाइन नाहीच. तिथे आधी पॉलिलाइन, मग एकेक व्हर्टेक्स ही स्वतंत्र वस्तू, आणि शेवटी 'क्रम संपला' सांगणारी सीक्वेन्स एंड. लिहिण्याची पद्धत निराळी, आकार मात्र तोच. वाचणारे दोन करा, पॉलिलाइनचा क्लास एकच ठेवा. ज्याने दोन्ही गोष्टी एकाच फंक्शनमध्ये कालवल्या असतील त्याला इथे सगळं पुन्हा लिहावं लागतं.

आता ब्लॉक. एक छिद्र एकदा काढायचं, त्याला नाव द्यायचं आणि मग शंभर ठिकाणी 'इन्सर्ट' करायचं. फाइलमध्ये छिद्राची भूमिती एकदाच येते, बाकी ठिकाणी फक्त 'तो ब्लॉक, इथे, एवढ्या स्केलने, एवढा फिरवून' इतकंच. मूळ ब्लॉक बदलला की सगळीकडे बदल. क्लास आणि ऑब्जेक्टची आठवण होते ना? हा योगायोग नाही. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी पीएच.डी.साठी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. पडद्यावर लाइट पेनने चित्र काढायचं, त्यातलं एक 'मास्टर' ठरवायचं, त्याच्या हव्या तितक्या 'इन्स्टन्स' ठेवायच्या. मास्टर बदलला की सगळ्या बदलणार. पुढे 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्दप्रयोग रूढ करणाऱ्या अ‍ॅलन के यांनी स्केचपॅडचं ऋण उघडपणे मान्य केलंय. म्हणजे या विचाराचं एक मूळ सरळ इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आहे. आणि आपण मेकॅनिकलवाले म्हणतो, हा विषय आपला नाही!

ब्लॉकमध्ये ब्लॉकही असू शकतो. तेव्हा इन्सर्टला लांबी विचारली की त्याने आपल्या पोटातल्या सगळ्यांना विचारायचं, त्यांनी त्यांच्या पोटातल्यांना. कागदावर सोपं. पण एक्स दिशेला स्केल २ आणि वाय दिशेला १ असेल तर वर्तुळाचं काय होतं? ते वर्तुळच राहत नाही, लंबवर्तुळ होतं. नुसतं लांबीला दोनने गुणून चालत नाही. इथे 'रूपांतर' नावाचं फंक्शन लागतं, आणि सर्कलच्या रूपांतरातून कधीकधी एलिप्सचा नवाच ऑब्जेक्ट बाहेर पडतो. सर्कल हा एलिप्सचा डिराइव्ह्ड क्लास करावा का, यावर ओओपीच्या पुस्तकांत जुने वाद आहेत. मला ते वाद रिकामटेकडे वाटायचे. ताणलेल्या ब्लॉकची फाइल समोर आली की त्यात दम आहे हे पटतं. त्यात एलिप्सच्या परिघाला वर्तुळासारखं साधं सूत्र नाही, न्यूमेरिकल इंटिग्रेशन करावं लागतं. एम-थ्रीचं पुस्तक विकलं नसेल तर बरं!

आता माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. प्रोग्रामला न ओळखता येणारी वस्तू आली तर काय करायचं? बहुतेक जण स्विचमध्ये 'डीफॉल्ट: ब्रेक' लिहून मोकळे होतात. एखादा अनोळखी कोड वगळला तर समजू शकतो, रंगाचा असेल. पण अख्खी वस्तू? ड्रॉइंगमध्ये चार स्प्लाइन होत्या, आपल्याला स्प्लाइन येत नाही, म्हणून त्या नव्हत्याच असं समजायचं? बेरीज तर येते, दोन दशांश स्थळांपर्यंत येते, आणि चुकीची येते. त्यापेक्षा 'अनोळखी' नावाचा क्लास ठेवा. लांबी विचारली की त्याने गप्प शून्य देऊ नये, 'मला माहीत नाही' म्हणावं. शेवटी स्क्रीनवर यावं: एकूण लांबी अमुक, आणि चार स्प्लाइन मोजलेल्या नाहीत. मालक त्या चार हाताने बघेल. त्याला अपुरं उत्तर चालतं, खोटं चालत नाही.

एककांचं तर विचारूच नका. आज डीएक्सएफच्या हेडरमध्ये एकक सांगणारं चल असतं: १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर. पण ० म्हणजे 'एकक नाही', आणि तेही सर्रास भेटतं. आर-१२ मध्ये हे चलच नाही. फाइलमध्ये १०० लिहिलंय. ते १०० मिमी की १०० इंच? फरक २५.४ पटींचा. 'डबल' या टाइपला एकक नसतं, तो नुसता आकडा असतो. म्हणून लांबीचासुद्धा एक छोटा क्लास करावा, ज्याला एकक दिल्याशिवाय ऑब्जेक्टच बनणार नाही. 'एवढ्याशा गोष्टीला क्लास?' असं म्हणणाऱ्यांनी मार्स क्लायमेट ऑर्बिटर आठवावं. ११ डिसेंबर १९९८ ला निघालेलं नासाचं हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोचलं आणि गमावलं गेलं. थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे असलेली फाइल एका सॉफ्टवेअरने पाउंड-फोर्स सेकंदात लिहिली. ती वाचणाऱ्याने न्यूटन सेकंद धरून वाचली. फरक ४.४५ पट. न्यूटन सेकंदच हवेत हे इंटरफेसच्या कागदपत्रात लिहिलेलं होतं, बरं का. कागदावर होतं, कोडमध्ये नव्हतं. यान ठरल्यापेक्षा फार खाली, मंगळाच्या वातावरणात शिरलं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. 'अरे, यासाठी तयार लायब्ररी आहेत की!' आहेत. पायथनमध्ये एझडीएक्सएफ आहे, फुकट आहे, उत्तम आहे. आणि आता तर एआयला दोन ओळी लिहिल्या की मिनिटभरात पार्सर हातात. मीही वापरतो, लपवायचं कशाला? पण लायब्ररी तुम्हाला बल्ज आणून देईल. त्याचं काय करायचं हे तुम्हालाच माहीत हवं. एआयने दिलेल्या कोडमध्ये 'डीफॉल्ट: ब्रेक' आहे का, हे बघायला आधी तिथे बघावं हे सुचलं पाहिजे. ते सुचतं एकदा स्वतः लिहून बघितलेल्या माणसाला. एकदाच. रोज लिहा असं मी म्हणत नाही. आणि ज्याच्या ड्रॉइंगमध्ये खात्रीने फक्त सरळ रेषा आहेत त्याने चाळीस ओळींचा सी प्रोग्राम लिहावा, क्लासच्या भानगडीत पडूच नये.

म्हणून आमच्या विभागाला माझी सूचना आहे. अ‍ॅनिमल-डॉगचं प्रॅक्टिकल काढून टाका. त्या जागी प्रत्येक ब्रँचने आपली फाइल घ्यावी. इलेक्ट्रिकलवाल्यांना कॉमट्रेड आहे: फॉल्टच्या वेळी रिले जी नोंद ठेवतो ती. त्यात डेटा फाइलमधला आकडा थेट व्होल्ट किंवा अँपिअर नसतो; कॉन्फिगरेशन फाइलमधल्या ए ने गुणून बी मिळवायचा, आणि ती किंमत सीटीच्या प्रायमरीची की सेकंडरीची हेही तिथेच बघायचं. चॅनल नावाचा क्लास आपोआप सुचेल. ईअँडटीसीला टचस्टोन आहे, जिथे दोन पोर्टच्या फाइलमध्ये एस-वन-वन नंतर एस-टू-वन येतो, एस-वन-टू नाही. आणि दोनपेक्षा जास्त पोर्ट असले की हा क्रमच बदलतो. सिव्हिलला आयएफसी: प्रत्येक ओळीला नंबर, आणि ४५ नंबरची ओळ खुशाल ११२ नंबरकडे बोट दाखवते, जी अजून वाचलेलीच नाही. दोन फेऱ्यांत वाचायला शिकवण्यासाठी याहून चांगलं उदाहरण कुठलं?

मेकॅनिकलच्या बॅचला तीन फाइल द्याव्यात. पहिलीत नुसत्या लाइन आणि सर्कल. दुसरीत तोच स्लॉट, बल्जसकट. तिसरीत ताणलेला ब्लॉक, दोन स्प्लाइन आणि हेडरमध्ये एकक शून्य. मार्क बरोबर बेरजेला अर्धे, आणि 'हे मला मोजता आलं नाही' असं प्रोग्रामने स्वतःहून सांगितलं तर उरलेले अर्धे. फाइल शोधत बसायची गरज नाही. कॉलेजच्या वर्कशॉपला जॉबवर्क देणाऱ्या कुठल्याही कटिंगवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन गेलं तर तो अशा डझनभर देईल, आणि आकडा जुळला तर चहाही पाजेल.